आप्पांचे आप्पांना स्मरणपत्र

नगरपरिषदेच्या मासिक सभेत अकरावा विषय कायम एकच असतो : बाह्य संस्था व संपर्क गटांवरील प्रतिनिधींचे अहवाल. आमचे चौदा नगरसेवक मिळून एकेचाळीस गटांवर प्रतिनिधी आहेत. प्रत्येकाने उठायचं, "बैठकीस उपस्थित होतो, सविस्तर चर्चा झाली, वातावरण सौहार्दाचे होते" असं सांगायचं आणि बसायचं. उरलेल्यांनी बाकं वाजवायची. या विषयावर आजवर वाद झालेला नाही, कारण तो कोणी ऐकलेलाच नाही. मी ऐकतो. मला दुसरं काम नाही, आणि नागरिकांच्या बाकांवर पंख्याचा वारा चांगला लागतो.

त्या महिन्यात माझ्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई येऊन बसल्या. कालव्यावरच्या पादचारी पुलाची मधली फळी निखळून वाहून गेली होती. बाईंच्या सासऱ्यांच्या पायाला जखम होती आणि दिवसाआड पट्टी बदलायला त्यांना पलीकडच्या दवाखान्यात जावं लागे. धडधाकट माणूस ती फट ओलांडून जाई; म्हाताऱ्याला मात्र सूनबाईच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्या रस्त्याने वळसा घालायला तासभर लागे. बाईंनी आपल्या टेपने माप घेऊन आणलं होतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद.

"नागरिकांना चौथ्या विषयात तीन मिनिटं बोलता येतं," सभा लिपिकबाई म्हणाल्या. "पूल अकराव्यात येतो. अकराव्यात फक्त ऐकायचं."

"मग मी चौथ्यात बोलू का?"

"बोला की. पण पुलाबद्दल नाही."

तेवढ्यात आप्पा उठले. आप्पा म्हणजे आमचे सर्वांत ज्येष्ठ नगरसेवक. ते म्हणाले, "ताई, काळजी करू नका. पूल कालवा खात्याचा. खात्याशी आपण थेट बोलत नाही, कालवा संपर्क गटामार्फत बोलतो. त्या गटावर परिषदेचा प्रतिनिधी मीच आहे. उद्याच पत्र टाकतो."

पुढच्या महिन्यात आप्पांनी सांगितलं, पत्र गेलं, उत्तर नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात स्मरणपत्र गेलं, उत्तर नाही. तिसऱ्या महिन्यात कडक स्मरणपत्र गेलं, त्यालाही उत्तर नाही. तेव्हा मात्र आप्पांचा पारा चढला. "ही मुजोरी आहे! चौदा लोकप्रतिनिधींना हा गट काडीचीही किंमत देत नाही!" गटाच्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला.

लिपिकबाईंनी ठराव पाठवण्यासाठी नोंदवही उघडली आणि अडखळल्या. "आप्पा, गटाच्या अध्यक्षांचा पत्ता म्हणून तुमच्याच घरचा पत्ता आहे."

चौकशीअंती उलगडा झाला. दोन वर्षांत गटाचे बाकीचे सदस्य एकेक करून यायचे बंद झाले होते. उरलेल्या आप्पांनी आप्पांना बिनविरोध अध्यक्ष निवडलं होतं आणि सचिवही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आप्पा आपल्या ओसरीवर गटाची बैठक भरवत आणि गणसंख्येअभावी तहकूब करत.

"म्हणजे ती पत्रं तुम्हालाच मिळाली?" बाई उठून म्हणाल्या. विषय अकरावा होता, पण त्यांना कोणी अडवलं नाही.

"मिळाली ना. तिन्ही. आवक क्रमांक टाकून फायलीला लावली आहेत."

"मग तुम्हाला सगळं ठाऊक होतं!"

"अध्यक्ष म्हणून ठाऊक होतं, ताई. गटाचा पत्रव्यवहार मी नगरसेवकाला कसा सांगणार? आणि नगरसेवक म्हणून अध्यक्षावर दबाव टाकला, तर उद्या हेच सगळे म्हणतील, आप्पांनी पदाचा गैरवापर केला."

सभागृहाला हे तत्त्वनिष्ठ वाटलं. परिषद आणि गट यांच्यातला दुरावा मिटवण्यासाठी समन्वय समिती नेमण्यात आली. परिषदेतर्फे आप्पा, गटातर्फे आप्पा, आणि पक्षपात नको म्हणून नागरिकांतर्फे शिवणकाम करणाऱ्या बाई. बाईंना बिल्ला मिळाला, फाइल मिळाली, हाताची खुर्ची मिळाली. त्या खूश झाल्या. खोटं कशाला बोलू, मला थोडा हेवाच वाटला.

समितीच्या बैठका दर आठवड्याला होऊ लागल्या. आप्पा डावीकडच्या खुर्चीत बसून परिषदेची बाजू मांडत, मग टेबलाला वळसा घालून उजवीकडच्या खुर्चीत बसत आणि ती खोडून काढत. तिसऱ्या बैठकीत उजवीकडच्या आप्पांनी सभात्याग केला, त्यामुळे डावीकडच्यांना बोलायला कोणी उरलं नाही. बाई इतिवृत्त लिहीत. अक्षर सुरेख होतं. या कामात त्यांना सासऱ्यांना वळसा घालून नेणं जमेना, आणि दिवसाआडची पट्टी आठवड्यावर गेली.

शेवटी गल्लीतल्या सुताराला राहवलं नाही. बाईंनीच कधी तरी सांगितलेल्या मापाची त्याने जाडजूड फळी कापली आणि खिळे-हातोडी घेऊन पुलावर गेला. बाई बिल्ला सावरत धावत आल्या.

"दादा, थांबा! विषय समितीपुढे आहे. तुम्ही परस्पर फळी ठोकलीत, तर आम्ही चर्चा कशावर करायची?"

सुताराने खिळे परत खिशात टाकले. मग फळी कठड्याला टेकवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कापडी सूचना लागली : 'निर्णयाधीन. हात लावू नये.' कडा सुबक दुमडून शिवलेल्या होत्या.

"सूनबाई," सासऱ्यांनी त्या दिवशी जेवताना विचारलं, "तुमच्या समितीत माझ्या पायाच्या बाजूने कोण आहे?"

"मी आहे ना, बाबा."

"हो का," म्हातारा म्हणाला आणि हात धुवायला उठला.

आता तो रोज सकाळी लंगडत पुलापर्यंत येतो आणि फळीशेजारी बसतो. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, "जरा हात लावता का? मला एकट्याला उचलत नाही." लोक वाईट नाहीत. थांबतात, सूचना वाचतात, हळहळतात, कोणी फोटो काढतं, कोणी म्हणतं की याची वर तक्रार व्हायला हवी, आणि मग फट ओलांडून कामाला जातात. मी तर त्याच्यापाशी चांगला पाऊण तास बसलो. सगळी हकिकत विचारून घेतली, पायही बघितला. बघवत नव्हता. उठताना त्याला शब्द दिला, की मी यावर लिहीन.

त्याप्रमाणे लिहिलं आहे. तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत, एक-दोन ठिकाणी हसलाही असाल. फळी अजून कठड्यालाच टेकलेली आहे.