देवपुजारी आणि जांभळं झाड

देवपुजारींच्या घरी लाल स्वेटर घालून जाऊ नका. मी एकदा गेले होते. दारातच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "वहिनी, कसला राग दाबून राहिल्या आहात?"

"राग कसला? सेल होता," मी म्हटलं.

"सेल हे निमित्त आहे हो. आपण रंग निवडत नाही, रंग आपल्याला निवडतो."

बाहेर आमच्या अमेरिकेतल्या बॉथेल गावचा पाऊस रिपरिपत होता आणि माझ्या हातात खिचडीचं गरम पातेलं होतं. राग आधी नव्हता, पण तिथे उभ्या उभ्या आला.

देवपुजारी मूळचे नागपूरचे, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या. त्यामुळे समोर काहीही आलं की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले: "एक्स्पेक्टेड काय? अ‍ॅक्च्युअल काय?" त्यांच्या बायकोनं, नीलिमानं, आमटीत आमसुलाऐवजी चिंच घातली तरी जेवण थांबवून ही चौकशी होते.

इथवर ठीक होतं. नवरे असतातच तसे. पण मग त्यांना अ‍ॅनिमेशनचं वेड लागलं. उंदीर-मांजराच्या मारामारीचं नव्हे. युरोपातल्या कुठल्याकुठल्या देशांतल्या चक्रम, चिमुकल्या फिल्मा. गोगलगायीच्या पाठीला दार, दारात मासा, माशाच्या डोक्यावर छत्री. पोस्टानं डीव्हीडी यायच्या आणि शनिवारी आमची वरात त्यांच्या फॅमिली रूममध्ये. आम्ही का जायचो? अहो, नीलिमाच्या हातच्या पाटवडी-रश्श्यासाठी! कलेसाठी कोण मरायला जातंय?

फिल्म असायची पाच-सात मिनिटांची, पण संपायला संध्याकाळ लागायची. कारण रिमोट देवपुजारींच्या हातात.

"थांबा!" की चित्र गोठलंच. "झाड बघा. एक्स्पेक्टेड हिरवं, अ‍ॅक्च्युअल जांभळं. ऑफिसात मी ह्याला बग म्हटलं असतं. पण इथे हा बग नाही, हा घाव आहे! ते झाड काही तरी सांगून राहिलंय."

"काय सांगतंय?" कुणीतरी कण्हत विचारायचं.

"तेच तर शोधायचं आहे ना, बाप्पा!"

एकदा तर कहर झाला. एका माणसाचा चेहरा हिरवागार दिसत होता. देवपुजारी त्यातला मत्सर उलगडत बसले. आधी व्यक्तीचा, मग समाजाचा, मग अख्ख्या युरोपचा. स्वयंपाकघरातून रश्श्याचा वास येत होता. माझा नवरा सुहास भुकेनं पिसाळला, उठला आणि टीव्हीच्या मागे जाऊन एक सैल झालेली वायर दाबून आला. चेहरा क्षणात गुलाबी! आम्ही हसून हसून लोळायचे बाकी राहिलो. देवपुजारी ढिम्म.

"पाहा," ते म्हणाले, "आता मत्सर लपवून राहिलाय."

डोळे पुसत मी स्वयंपाकघरात गेले आणि नीलिमाला विचारलं, "हे खूळ कुठून आणलंस गं घरात?"

ती कोथिंबीर चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "इरामुळे."

इरा त्यांची एकुलती एक मुलगी. जन्म इथलाच. कम्प्यूटर सायन्स अर्ध्यावर सोडून ती कॅलिफोर्नियाला अ‍ॅनिमेशन शिकायला गेली, तेव्हा देवपुजारी म्हणाले होते, "कार्टून काय, लहान पोरंही काढतात." त्यावर इरा एवढंच बोलली, "यू वोन्ट गेट इट, बाबा." तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. तिचा फोन आला की हे म्हणणार, "थांब, आईला देतो." आणि मग फोनला कान लावून शेजारीच उभे राहणार.

"तिची फिल्म येईल तेव्हा आपल्याला कळली पाहिजे, म्हणतात," नीलिमा म्हणाली. "त्याचा अभ्यास चाललाय हा."

मला कसंसंच झालं. आम्ही मेले रस्सा ओरपत खिदळत होतो आणि हा माणूस तिकडे परीक्षेची तयारी करत होता!

त्या थँक्सगिव्हिंगला इरा आली, फिल्म घेऊन. नीलिमानं आम्हाला मुद्दाम बोलावलं. "तुम्ही असलात तर दोघं निदान एका खोलीत बसतील," म्हणाली. फिल्म लावायच्या आधी इरानं मला कोपऱ्यात गाठलं. "मावशी, ही विल पॉज इट. ही विल टेस्ट माय फिल्म. एकदा जरी थांबवली ना, तर आय अ‍ॅम लीव्हिंग. आय मीन इट."

मी रिमोटमधल्या बॅटऱ्या काढायला निघाले, पण देवपुजारी रिमोट मुठीत धरूनच बसले होते.

फिल्म सुरू झाली. डोक्याच्या जागी इस्त्री असलेला एक माणूस वाकून समुद्राला इस्त्री करतोय. जिथे डोकं फिरेल तिथलं पाणी सपाट आणि राखाडी. एका लाटेवर एक एवढीशी केशरी मुलगी उभी. तो लाट सपाट करतो, ती दुसरीवर उडी मारते. शेवटी लाटाच संपतात. मग ती चालत चालत चित्राच्या बाहेर निघून जाते आणि तो एकटा त्या राखाडी पाण्यात उभा राहतो. संपली.

देवपुजारींनी एकदाही थांबवली नव्हती. सुहासला राहवलं नाही. तो म्हणाला, "बोला देवपुजारी! केशरी म्हणजे काय? त्याग?"

"केशरी म्हणजे काही नाही," देवपुजारी म्हणाले. "हिचा शाळेचा रेनकोट केशरी होता." मग ते पुढे म्हणाले, "आणि ह्या घरात इस्त्री मीच करतो."

"इरा," त्यांनी तिला सरळ हाक मारली. किती दिवसांनी, देव जाणे. "ती मुलगी परत येते का गं?"

"इट एन्ड्स देअर, बाबा."

"फिल्म संपू दे. मी मुलीचं विचारून राहिलो."

खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. इरा उठली, सोफ्यावर त्यांना खेटून बसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आलेय ना, बाबा. भूक लागलीये."