झकास कापती है

उमेदवारीचा शेवटचा दिवस म्हणून भाऊसाहेब कणसे त्या सकाळी दोनदा आंघोळ करून, कपाळाला अंगारा लावून कारखान्यात आले. लोखंडी गज कापायच्या मशीनवर ते ऑपरेटर होते, आणि नोकरी पक्की करायची की नाही हे मॅनेजरसाहेब संध्याकाळी ठरवणार होते. पक्की झाली तर स्टोअरचे कारकून वामनराव झाशीतल्या खंडेराव गेटजवळच्या आपल्या घरातली एक खोली भाड्याने देणार होते. नाही झाली तर झाशीबाहेरच्या बबीना छावणीतलं लष्करी क्वार्टर, हवालदार वडील, आई, दोन भाऊ आणि नवी नवरी भानुमती हा सगळा मेळा तसाच एकत्र नांदणार होता. बायकोशी चार शब्द बोलायचे तर भाऊसाहेबांना पाणी मागावं लागे, आणि पाणी आईच आणून देई.

साताऱ्याकडून आल्यापासून त्यांनी "हाँ जी" आणि "हो गया जी" एवढ्याच हिंदीवर कारखान्यात दिवस काढले होते. तेवढ्यावर ते थांबले असते तर काहीच बिघडलं नसतं. पण त्या दिवशी फोरमन तिवारीजींवर छाप पाडायची त्यांना हुक्की आली.

"काय भाऊसाहेब, मशीन कैसी चल रई?" तिवारीजींनी चहाचा ग्लास हातात धरून विचारलं.

"एकदम झकास कापती है."

चहा हिंदकळला. "काँपती है?"

"हाँ जी. कल नया पाता डाला ना, तबसे तो लई कापती."

आता हिंदीत लोखंड 'काटतात', आणि 'काँपतं' ते थंडीतापाने आजारी असलेलं माणूस. भाऊसाहेबांनी 'काटना' हा शब्द ऐकला नव्हता असं नाही, पण ऐन वेळी जिभेवर घरचाच शब्द आला. तिवारीजींना मात्र गेल्या महिन्यातली शेजारची मशीन आठवली. तीही आधी अशीच थरथरली होती आणि मग तिचं पातं तुटून थेट कँटीनच्या दारापर्यंत गेलं होतं. त्यांनी झडप घालून बटण बंद केलं आणि फिटरला हाक मारली.

फिटरने पाया आवळला, नट आवळले, पातं उतरवून पुन्हा चढवलं, आणि घाईत त्याचे दात उलट्या दिशेला बसवले. मशीन सुरू झाली. पातं गजावरून नुसतंच घसरायला लागलं.

"अब काँपती है?" तिवारीजींनी विचारलं.

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "नहीं जी. अब बिलकुल नहीं कापती."

"बस, हो गया काम."

"क्या हो गया? कापना तो चाहिए ना!"

"काहे के लाने चाहिए?"

"कापने के लिएच तो मशीन है!"

मशीन थरथरावी म्हणून हट्ट धरणारा ऑपरेटर तिवारीजींनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ते तडक मॅनेजरसाहेबांना घेऊन आले. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, "भाई, तुम क्यों चाहते हो कि मशीन काँपे?"

"साब, कापेगी नहीं तो कारखाना बंद पडेगा."

साहेबांनी दुभाष्या म्हणून वामनरावांना बोलावलं. वामनरावांचं घराणं आठ पिढ्या झाशीत होतं, आणि त्यांची मराठी पूर्वजांनी आणली तशीच घडी करून ठेवलेली होती. त्यांच्या घरात भाजी चिरत, कापड कातरत, लाकूड तोडत. कापत फक्त माघातल्या थंडीत.

"काय हो, यंत्र कापतं काय?" त्यांनी विचारलं.

"सकाळी मस्त कापत होतं. यांनी हात लावला आणि कापायचं थांबलं. पुन्हा कापायला लावा हो, माझी नोकरी जाईल."

वामनरावांनी साहेबांकडे वळून सांगितलं, "साहब, कहते हैं, मशीन काँपती थी तो बड़ा आनंद था."

भाऊसाहेबांना हिंदी बोलता येत नसली तरी थोडीफार समजत होती. आनंदाचा विषय कुठून निघाला ते काही त्यांना कळेना. खंडेराव गेटची खोली डोळ्यांसमोरून जिना उतरून चालली होती. त्यांचे पाय लटपटायला लागले.

"अब तो यही काँप रहे हैं," तिवारीजी म्हणाले.

"हो, कापताहेत खरे," वामनरावांनी दुजोरा दिला.

"मी न्हाई ओ, मशीन! मशीन कापाय पायजे!" भाऊसाहेब कळवळले. त्यांनी सकाळी कापलेला एक तुकडा उचलला, शेजारी अख्खा गज धरला आणि हाताच्या कडेने त्यावर सुरीसारखा वार केला. "ऐसा! ऐसा कापना!"

तिवारीजींनी आधी तुकड्याकडे पाहिलं, मग गजाकडे.

"धत्तेरे की," तिवारीजी म्हणाले. "काटना!"

वामनराव स्टोअरमधलं काहीतरी आठवल्यासारखे निघून गेले. फिटरने पातं सरळ केलं, आणि पहिला तुकडा खणकन खाली पडला तेव्हा भाऊसाहेबांना खरोखर रडू आलं.

"तिवारीजी, इन्हें पक्का कीजिए," मॅनेजरसाहेब म्हणाले. "यहाँ सब मशीन रुकवाने आते हैं. चलवाने के लिए रोनेवाला पहला आदमी मिला है."

तिवारीजी छताकडे बघत राहिले.

रविवारी भाऊसाहेब डोक्यावर ट्रंक आणि मागे भानुमती अशा थाटात खंडेराव गेटला पोचले. भानुमतीने नवी साडी नेसली होती आणि बसमध्ये ती वाटभर बोलत होती, भाऊसाहेबांनी पाणी न मागताच. वामनरावांच्या पत्नी शकुंतलाबाई दारातच उभ्या होत्या.

"यावं, यावं. खोली केव्हाची खाली आहे."

भानुमतीने जिन्याकडे पाहिलं. "म्हंजी वर न्हाई का, काकू?"

"वरच आहे गं. वरची खाली आहे."

"वरची... खाली?"

"अगदी खाली. कालच झाडून ठेवली."

भानुमतीने नवऱ्याकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी डोक्यावरची ट्रंक पायरीवर ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"काकू," ते म्हणाले, "हिंदी में बताओ जी."