अर्जंट असन तं मी उचलीन

आमच्या गोदामात सकाळी हजेरी माणसांची होत नसे, फोनची होत असे. वाडीतल्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायला होतो आणि भोयर साहेब मॅनेजर होते. आत शिरताना प्रत्येकानं आपला मोबाइल त्यांच्या टेबलामागच्या खणांच्या कपाटात ठेवायचा, हा त्यांचा नियम. मग साहेब ऑफिसच्या फोनवरून एकेकाचा नंबर लावत. एका खणातून आरती, दुसऱ्यातून डीजे, तिसऱ्यातून कोंबडा. सगळे खण वाजून झाले की कपाटाला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या करगोट्याला.

"डबडा फोन कपाटात अन् चांगला खिशात, असं इथं चालत नाई," ते बजावायचे.

नियमाला कारण होतं. फोनवर बोलत चाललेला एक हमाल रिव्हर्स येणाऱ्या ट्रकखाली जाता जाता वाचला होता. पण साहेबांचा संशय ट्रकपाशी थांबला नाही. कोणी संडासात जरा रमलं की बाहेरून दारावर टकटक. "काहून गा, अंदर टावर चांगला भेटते का?" मी नवं घड्याळ घातलं, तर माझा हात धरून त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "मले शक येऊन राहिला. हे टाइमच सांगते ना नुसता?"

आणि घरून फोन आला तर? "अर्जंट असन तं मी उचलीन." उचलायचेही. दुपारी आम्ही शेडमध्ये डबे सोडले की साहेब एकटेच कपाटापाशी. कानाला कधी याचा फोन, कधी त्याचा. बोलणं लांबलचक, पण आमच्यापर्यंत निरोप यायचा तो एवढाच : "गॅस संपला." साहेब आमच्या घरातल्या भानगडी काढून घेतात आणि मालकाच्या कानावर घालतात, यावर आमचं एकमत होतं. एरवी आमचं चहात साखर किती यावरही पटत नसे.

त्यात मी लकडगंजच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीचं बोलून आलो होतो. त्याचा फोन यायचा होता. तो साहेबांनी उचलला तर इथली नोकरी जाणार, आणि तिथली मिळेलच याची खात्री नाही. जीव टांगणीला लागला. शेवटी एका दुपारी डबा तसाच टाकून मी ऑफिसच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. साहेबांना रंगेहाथ पकडायचंच होतं.

साहेबांच्या कानाला माझाच फोन होता.

"हो ताई, जेवून राहिला तो. वांग्याची भाजी हाये, मी पाह्यली ना. खोकला? कमी हाये आता. पंख्याखालून उठवून कोपऱ्यात बसवला मी त्याले."

उमरेडहून माझी आई बोलत होती. आणि तो कोपरा मी शिक्षा समजलो होतो.

"मी? माह्यं काय ताई, एकटा जीव. हाये सकाळचा भात. हो, खातो ना. तुम्ही म्हनता तं खातो."

फोन खांद्यानं कानाशी धरून त्यांनी डबा उघडला. त्यांचा स्वतःचा फोन टेबलावर मुका पडला होता. मी पाय न वाजवता शेडमध्ये परतलो.

संध्याकाळी फोन परत देताना ते हळूच म्हणाले, "लकडगंजवाल्याचा फोन होता. सोमवारपासून बोलावलं तुले."

मालक जवळपास नाही ना, हे मी आधी पाहिलं.

"मालकाले नाई सांगितलं मी. जाय तू, पगार बरा असन." फोन मात्र त्यांनी अजून सोडला नव्हता. "तिथं खिशात ठेवू देते का फोन?"

"हो साहेब."

"मंग तुही माय दुपारी फोन करन, तं तूच उचलशीन."

"हो."

"बरं हाये मंग," म्हणाले, आणि माझ्या रिकाम्या खणाकडे बघत बसले.

आता लकडगंजला फोन दिवसभर खिशात असतो. दुपारी आईचा काही येत नाही. मीच लावतो, तर ती दुसऱ्या कॉलवर. एकदा मलाही संशय आला. रोज कोणाशी बोलतेस म्हणून विचारलं, तर माझ्यावरच उखडली.

"भोयरभाऊ हायेत ना! जेवले का म्हून त्यायले कोन पुसते गा? तू संध्याकाळी करत जाय."