मॅकगिलरॉनांच्या भिंतीवरील शेवटल्या खिळ्याची मोहीम

अखंड पावसाचा धनी जो आकाशातील बाप, त्यास नमन करून, ग्लेन फोराख दरीच्या सभागृहाचा किल्लीदार बंदा डूगल मॅकगिलरॉन, डोळ्यांदेखत घडले तैसे लिहितो, तिखटमीठ आपले पदरचे.

मॅकगिलरॉन आडनावाचे नामांकित पुरुष इतिहासात बहुत जाहले आणि सभागृहाचे भिंतीवर त्यांच्या तसबिरी. हर लढाईतून सर्वांआधी घरी पोहोचले ते सेनापती. ज्यांचा पूल उद्घाटनादिवशीच नदीस अर्पण जाहला ते बांधकामवीर. आणि भांडून चर्चामागून चर्च सोडिले ते पाद्री. त्यांचे पंक्तीस एक खिळा रिकामा होता. मेळाव्यास कॅनडा, ऑस्ट्रेलिया मुलखांतून आडनावबंधू यावयाचे, त्याआधी तो भरणे प्राप्त होते.

मग दोन दावे उभे राहिले. इफीबाईंनी आपली मयत थोरली बहीण पेगी, दरीची नर्स, हिची तसबीर आणिली. दरीतील अर्धी प्रजा पेगीबाईंचेच हातांत प्रथम रडली. आणि दरीचे मालक कर्नल लॅकलनसाहेब खासे आपल्या आजोबांस घेऊन आले. आजोबांचा पराक्रम म्हणजे मिशा.

कर्नलसाहेबांनी हुकूम फर्माविला, की पेगी लग्न करून रॉस घराण्यात गेली, सबब ती मॅकगिलरॉन नव्हे.

"कबरस्तानात जाऊन बघा की!" इफीबाई कडाडल्या. "आपल्याकडं बाईच्या दगडावर माहेरचंच आडनाव कोरतात. तुझ्या आईच्या दगडावर काय आहे रे मग?"

मोर्चा ढासळला. मग साहेबांनी ठेवणीतील तोफ काढिली. पूर्वी दुष्काळात दरीच्या मालकाने ओटच्या पिठाचे एकेक पोते देऊन उपऱ्यांस आपले आडनाव लावावयास भाग पाडिले होते. पेगीबाईंचा पूर्वजही त्यांतलाच; ऐशा पोतेवाल्यांचे वंशास भिंत मना, ऐसे फर्मान सुटले. बंदाही पोत्याचाच, सबब चहाची किटली घेऊन मागे सरला.

आणि सभेत बेदिली माजली.

"मग तुमचा पूलवाला उतरवा आधी! पोत्याचाच तो!"

"आणि तुमचा पाद्री? त्याचा आजा तर टोपी बदलून दुसऱ्यांदा पोत्याच्या रांगेत उभा होता!"

एकमेकांचे पूर्वज धडाधड उतरले आणि भिंत उघडी पडली. कर्नलसाहेब मिशांची तसबीर घेऊन डौलात पुढे निघाले.

"थांब, लॅकी," इफीबाई म्हणाल्या. "तुझा आजा इंग्लंडचा. इथल्या मालकाची लेक केली आणि जमिनीसाठी सासऱ्याचं आडनाव लावलं. आमच्या म्हाताऱ्यानं पोटासाठी पोतं घेतलं. तुझ्या आज्यानं अख्खी दरी घेतली!"

पाहुण्यांच्या स्वागतास मशकबाजा घेऊन बसलेल्या पायपरच्या पिशवीतून तेवढा वारा सुटला.

इतक्यात पाहुण्यांची बस दारी आली आणि तह जाहला तो ऐसा: सर्वांनी सर्वांचे पूर्वज पुन्हा चढवावे, खिळा पेगीबाईंस द्यावा, आणि कर्नलसाहेबांनी स्वहस्ते तसबीर लावावी. साहेबांनी नाइलाजाने लाविली, ती तिरपी.

"लॅकी," इफीबाई तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "जन्माला येताना तू उलटा आला होतास. तुझी आई काही वाचत नाही असंच सगळे धरून बसले होते. पेगीनं तुला सरळ केला. आता तू तिला सरळ कर."

साहेबांनी टोपी काढिली आणि तसबीर सरळ केली. येणेप्रमाणे मॅकगिलरॉनांचा खिळा फत्ते जाहला.