आप्पांची पिवळी आणि माझी गिरण

ज्या घरात शिंकायचं झालं तरी माणूस अंगणात जायचा, त्या घरच्या कारभाऱ्यानं उभा जन्म बोंबलण्यात घालवलाय, हे सांगून कुणाला पटत नाही. पण खरं आहे. आमचे शेजारी शिवराम आप्पा शिरूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारायचे. घरीही तोच खाक्या. "शके, चहा एकवार! चहा दोनवार!" तीनवार व्हायच्या आत शकूकाकू कप घेऊन हजर. वर म्हणायच्या, "अवो, हळू. म्या काय कांदा हाय व्हय?"

माझी पिठाची गिरण त्यांच्या भिंतीला भिंत लावून. गिरण भरात असली तरी आप्पांचा चहा मला ऐकू यायचा. आमच्या न्हावरे गावात कोणी बाई कानानं अधू झाली तर पहिला मान माझा, असं मी म्हणायची.

मग काकूंवरून वारं गेलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाचा आता यायची नाही. त्यांचा मुलगा रांजणगावला कंपनीत. आईला पडल्या पडल्या बघायला काहीतरी असावं म्हणून तो काचेची टाकी आणि मासे घेऊन आला, पंधरा दिवस राहिला आणि ड्युटीवर गेला. राहिले आप्पा, काकू आणि मासे.

त्यातली एक पिवळी मादी सिक्लिड जातीची. ही बया अंडी घालते आणि तोंडात धरते. पिल्लं तोंडातच फुटतात, तोंडातच वाढतात. वीसबावीस दिवस ती घास खात नाही. आणि दचकली, घाबरली, तर आपलीच पोरं गिळते. आप्पांनी हे सगळं दुकानदाराला फोन करून करून काढून घेतलं, आणि एक दिवस गिरणीत येऊन मला कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "सुमन, गिरण बंद ठेव तीन आठवडं. पिवळीच्या तोंडात पोरं हायेत."

मी हसले. गाव काय गहू चावून खाणार का? गिरण चालूच ठेवली. सहाव्या दिवशी पिवळीनं पोरं गिळली.

दुसऱ्या खेपेलाही तेच. तेव्हा गिरणीचा पट्टा तुटला आणि फाटकन भिंतीवर आदळला. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत, तोंड भिंतीकडं करून पडून राहिल्या. मला वाटलं, माशापायी एवढं कसलं मनाला लावून घ्यायचं? मग आप्पांनी सांगितलं. त्यांनी मनाशी धरलं होतं की, "हिचं बी तोंड बंद, तिचं बी बंद. पिवळीनं पोरं सोडली की शकी बोलतीय बघ."

डॉक्टरांचं मी त्यांना पुन्हा सांगितलं नाही.

तिसऱ्या खेपेला आप्पांनी कंबर कसली. भिंतीला घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या टांगल्या. जुन्या ट्रॅक्टरच्या टायरचे तुकडे कापून आणले आणि माझ्या मोटरीखाली स्वतः सरकवले, हादरा बसू नये म्हणून. फाटकाशी चपला काढायच्या. कुकर अंगणात लावायचा, शिट्टी व्हायच्या आत उतरवायचा; डाळ कच्ची खायची. पोस्टमन खुणेनं बोलायला लागला. काकू डाव्या हाताची बोटं मोडत दिवस मोजायच्या आणि पिवळीच्या फुगलेल्या गळ्याकडं बघत राहायच्या.

आठव्या दिवशी सकाळी काकू गेल्या.

खुटबावहून त्यांची थोरली बहीण, हिराबाई, जीप भरून बायका घेऊन आली. आमच्याकडची रीत, वळणापासूनच रडण्याचा हेल काढायचा. तोवर आप्पा धावत फाटकाबाहेर गेले आणि दोन्ही हात पसरून तिच्यापुढं उभे राहिले. कुजबुजले, "आक्का, आवाज न्हाई करायचा. रडायचं ते गोठ्यात रडा." हिराबाईचा हेल घशातच अडकला. मयत अंगणात आणि माहेरच्या बायका गोठ्यात जर्शी गाईच्या गळ्यात पडून रडताहेत, असं आक्रीत मी तरी पाहिलं नव्हतं. बिचारी गाय दोन दिवस धड दूध देईना.

आप्पांच्या डोळ्यांतून टिपूस नाही. गावानं तोंडात शेण घातलं. बायको मेली आन् ह्याला माशाचं पडलंय, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. आता बोलायला होतंच कोण त्या घरात, की पिवळीनं पोरं सोडल्यावर बोलेल? दहाव्याला मलाही राहवेना म्हणून मी सुनावलं, "आप्पा, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. बहिणीला रडूसुद्धा दिलं नाहीत." त्यांनी ऐकून घेतलं आणि टाकीपाशी जाऊन बसले. घरी येऊन ते टायरचे तुकडे उपसून उकिरड्यावर फेकावेत असं मनात आलं. फेकले नाहीत, एवढंच माझं पुण्य.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा गिरणीच्या दारात आले.

"सुमन, सोडली पिवळीनं. चौदा हायेत. निराळ्या भांड्यात काढली, आन् ते भांडं पार मागल्या सोप्यात ठिवलं." आवाज तसाच, कुजबुजता. मग म्हणाले, "गिरण चालू कर."

"दळण नाही आप्पा कुणाचं."

"तरी बी कर."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"जाताना तिनं पिवळीकडं बघितलं, आन् माझ्याकडं बघून ओठावर बोट ठिवलं. गप ऱ्हावा म्हणली. जलमभर सांगत व्हती, म्या कवा ऐकलं न्हाई. ह्या बारीला ऐकलं. आता निघाली पोरं."

एवढं बोलून ते घरात गेले आणि दार लावून घेतलं.

दहाव्याला मी जे बोलले होते ते मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. माझी मलाच लाज वाटली. गिरण रिकामी फिरवत नाहीत, दगड एकमेकांना खातात. मी घरातला गहू आणला आणि वर ओतला. मोटरीखालचे टायरचे तुकडे उपसून बाजूला केले आणि बटण दाबलं. गिरण पूर्वीसारखी धडधडायला लागली.

मग गिरणीची धडधड भेदून, गोधड्या टांगलेल्या भिंतीतून, मार्केट यार्डातला तो आवाज आला.

"शके, एकवार!"

"शके, दोनवार!"

तीनवार काही आलं नाही. मग आप्पा रडायला लागले. बाईमाणसासारखं, हेल काढून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

गहू संपत आला होता. मी घरातून दुसरं पोतं ओढत आणलं आणि तेही ओतलं.