जुनी मोडून नवी

माझा यात काही दोष नाही हो, सगळं त्या दुपारच्या उन्हानं केलं.

रविवार होता. बायको कपाट आवरता आवरता पलंगावरच आडवी झाली होती आणि तिच्या हातात होती तिच्या आईची हिऱ्यांची अंगठी. मधे एक टपोरा हिरा, भोवती आणखी सात, म्हणजे बोटावर सूर्यफूलच. (ती घालून लिफ्टचं एक बटण दाबायला गेलं तर तीन मजले दाबले जातील.) आई गेल्यापासून अंगठी डबीतच असते. माझी बायको जगातल्या सगळ्या गोष्टींची चेष्टा करते, माझी तर रोजच्या रोज, पण त्या डबीची कधी नाही.

तर उन्हाची तिरीप अंगठीवर पडली आणि छतावर रंगीत ठिपके पोहायला लागले. पंख्यावर, भिंतीवर, माझ्या बनियनवर. सगळी खोली हळूच पाण्याखाली गेल्यासारखी वाटायला लागली. बायको अर्धवट झोपेत म्हणाली, "हिचं काहीतरी करायला हवं रे. किती दिवस अंधारात राहणार बिचारी."

एवढं बोलून ती झोपली. मी मात्र टक्क जागेपणी वाहत गेलो. मला तिचं बोट दिसायला लागलं, बोटात दवाच्या थेंबांसारखी नाजूक, एकदम आजकालची अंगठी. ती कप उचलतेय, खिडकीतलं ऊन कपात सांडतंय आणि ती माझ्याकडे बघून विचारतेय, "तुला सुचलं तरी कसं?" (हा प्रश्न ती मला नेहमीच विचारते, पण सूर वेगळा असतो.) झालं, ठरलं. सरप्राइज द्यायचं.

सोमवारी अंगठी गुपचूप दुकानात देऊन आलो. जुन्या दागिन्यांना नवं रूप देणाऱ्या एक डिझायनर बाई आहेत, त्यांच्याकडे. गुरुवारी त्यांचा फोन आला. बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून मी बाल्कनीत गेलो आणि गाड्यांच्या आवाजात त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून बोललो.

"हो, जुनी मोडायचीच. माझं पक्कं ठरलंय. नाही, बायकोला काहीच माहीत नाही. अहो, फार जड आहे ती, आणि वळण जुनं. चारचौघांत मिरवावी अशी राहिली नाही. नवी कशी, सडपातळ पाहिजे. बघताक्षणी जीव जडला पाहिजे. शनिवारी भेटूच."

फोन ठेवून वळलो तर कुंड्यांमागे स्टुलावर माझे सासरे. ते महिनाभर आमच्याकडे राहायला आलेत. जन्मभर ग्रंथपाल होते, त्यामुळे आजही कुजबुजूनच बोलतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुस्तकाचं पान फाडलंय. मी गोड हसलो आणि पुन्हा माझ्या तंद्रीत गेलो.

त्या दिवसापासून मी 'जावईबापू'चा नुसता 'अहो' झालो. शुक्रवारी सकाळी मी फ्रीजसमोर उभा होतो (आत बघत, काय हवंय ते विसरून). ते शेजारी येऊन कुजबुजले, "जुनं इतक्या सहज टाकवतं का हो तुम्हाला?"

मी म्हटलं, "बाबा, काळाबरोबर बदलायला नको? किती दिवस रेटायचं?"

"पण तिसऱ्याच वर्षी?"

"हल्ली लवकरच कुरकुर सुरू होते," मी म्हटलं. "आवाज ऐकलात ना रात्रभर?" (मला वाटलं, ते फ्रीजबद्दल बोलतायत. आमचं लग्न आणि फ्रीज एकाच वर्षीचे.)

शनिवारी दुकानात गेलो. काचेच्या पेट्यांतून मऊ पिवळा उजेड झिरपत होता आणि मी स्वप्नात चालावं तसा चालत होतो. डिझायनर बाईंनी एका डोळ्याला भिंग लावलं होतं. बोटाचं माप विचारलं, तर मला कुठलं माहीत? म्हटलं, माझी करंगळी आणि तिचं बोट साधारण सारखंच. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मापाची कडी करंगळीत सरकवली. मी डोळे मिटून तो दवाचा थेंब बघत होतो.

तेवढ्यात दार उघडलं. बायको, आणि माझ्या मागावर तिला दंडाला धरून ओढत आणणारे सासरे. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "हीच का ती नवी?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "नाही, नवी अजून व्हायचीय. जुनी आत्ताच मोडली. ही बघा." आणि त्यांनी काळ्या मखमलीचा ट्रे पुढे सरकवला.

त्यावर आठ सुटे हिरे आणि सोन्याचं रिकामं कोंदण. बायको ट्रेकडे बघत राहिली. चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नाही.

"आईची आहे ना ही?" ती म्हणाली. "मला विचारलं का नाहीस?"

तूच म्हणाली होतीस, हे सांगायला तोंड उघडलं, पण झोपेतल्या बाईची साक्ष कोण धरणार? आता घरी जायचं कुठल्या तोंडानं, तेवढाच विचार करत मी उभा राहिलो. करंगळीतली कडीही निघेना.

सासरे ट्रेवर वाकले. सगळा उलगडा त्यांना झाला असावा, कारण आवाज पुन्हा कुजबुजीवर आला होता. ते लेकीला म्हणाले, "तुझ्या आईला ही कधीच आवडली नाही. केसांत अडकायची. तिला नाजूक हवी होती गं, आणि मी दुकानातली सगळ्यात मोठी उचलली. माझ्यासाठी घालायची ती."

काळ्या मखमलीवर ते आठ हिरे असे चमकत होते, जणू कुणीतरी त्यांना पहिल्यांदाच मोकळा श्वास घेऊ दिला होता. बायकोनं हलकेच त्यातले तीन एका ओळीत सरकवले. मग वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मधला किंचित पुढे घेतला.

"अशी," ते म्हणाले. "अशी हवी होती तिला."

बायकोनं डोळे पुसले आणि बाईंना म्हणाली, "अशीच करा. उरलेल्या हिऱ्यांचं बघू नंतर. आणि माप माझं घ्या."

माझा जीव भांड्यात पडला. सासरे ओशाळून म्हणाले, "जावईबापू, माफ करा. मला भलतंच वाटलं."

आता खरं सांगतो, भीती ओसरल्यावर मला जरा भारीच वाटायला लागलं होतं. आपल्यावरून एवढी धावपळ व्हावी म्हणजे काय! मी बायकोला हळूच विचारलं, "तुलाही तसंच वाटलं असेल ना? रडलीबिडलीस का?"

"छे," ती म्हणाली. "बाबा दोन दिवस मागे लागले होते. मी म्हटलं, बाबा, शांत झोपा. ह्याला दुसरी कोण पत्करणार?"

डिझायनर बाईंनी डोळ्यावरचं भिंग नीट केलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि बायकोकडे बघून मान डोलावली.