सोबत आलेली माणसं

सातारा जिल्ह्यात मन कधी आजारी पडत नाही. मनाच्या वाट्याचं आजारपण शरीराने काढायचं अशी इथली जुनी वहिवाट आहे, आणि शरीराने त्याबद्दल आजवर तक्रार केलेली नाही. सून उलट बोलली की सासूचं डोकं धरतं. मुलाचं लग्न जमेना की बापाची कंबर जाते. पोरगं भरतीत नापास झालं तर सगळ्या घराला पित्त होतं. या व्यवस्थेत कुणाला मनातलं काही सांगावं लागत नाही आणि गावोगावची मेडिकल दुकानं नीट चालतात.

कोरेगावजवळच्या राहीबाईंनी ही व्यवस्था जन्मभर पाळली. शेवटच्या साध्या दिवशी त्यांनी पावटे सोलले, चहात साखर जास्त टाकली म्हणून नवऱ्याला, म्हणजे निवृत्त सुभेदार कृष्णात यांना झापलं, आणि साताऱ्याला कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या मुलीला, शिवांजलीला, फोन केला.

"माजं गुडघं लय दुखत्यात गं. रविवारी ये."

गुडघे म्हणजे आठवण, हे शिवांजलीला समजावून सांगावं लागत नसे. "येते," ती म्हणाली. पहाटे झोपेतच राहीबाईंचं हृदय बंद पडलं. (गुडघ्यांना शेवटपर्यंत काही झालेलं नव्हतं.)

भेटायला माणसं येऊ लागली. मेलेल्या माणसाविषयी बोललं तर घरच्यांना रडू येतं, म्हणून समंजस पाहुणे फक्त प्रकृतीविषयी बोलतात. सुभेदारांकडे बीपीचं यंत्र होतं. ते आधी त्यांच्या दंडाला बांधण्यात आलं, मग शिवांजलीच्या, मग रांगेने सगळ्यांच्या. सुभेदारांचा बीपी नॉर्मल निघाला, शिवांजलीचाही नॉर्मल. शेजारच्या शालूबाईंचा मात्र एकशे नव्वद. म्हणजे मोजमापाप्रमाणे घरात सर्वांत जास्त दुःख शालूबाईंना झालं होतं. त्यांना बाजेवर आडवं करून लिंबूपाणी देण्यात आलं. ते राहीबाईंच्या नवऱ्याने आणि मुलीने केलं, कारण तीच दोन माणसं ठणठणीत होती.

तेरावं झालं आणि सुभेदारांच्या घशातून घास उतरेना. चहा उतरे, पाणी उतरे, भाकरी अडे. साताऱ्यात घशात नळी घालून तपासलं, रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं नॉर्मल. या बातमीने घरावर पुन्हा शोककळा पसरली.

"नॉर्मल?" शालूबाई म्हणाल्या. "मंजे मशीनच बाद हाय. पुण्याच्या मशीनवर काढा."

पुण्याच्या मशीननेही निराशा केली. इकडे सुभेदारांची पँट कमरेला सुतळी बांधून राहू लागली. तेव्हा कोरेगावच्या डॉक्टरांनी शिवांजलीला आत बोलावलं, दार लावून घेतलं (कॅन्सर सांगताना ते दार उघडं असतं) आणि हळूच म्हणाले, "हे असंच चाललं तर आबा हाती लागायचे नाहीत. मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

मनाचा डॉक्टर नेहमी दुसऱ्या जिल्ह्यातला बघावा. साताऱ्याची माणसं सांगलीला जातात, सांगलीची साताऱ्याला येतात. दोन्हीकडच्या एसट्या कराडच्या अलीकडे-पलीकडे एकमेकींना ओलांडतात, तेव्हा काही प्रवासी खिडकीतून बाहेर बघत नाहीत. (या प्रवाशांना तिकिटात सवलत मिळावी अशी मागणी अद्याप झालेली नाही. मागणीखाली सही करावी लागते.)

सुभेदार ऐकणाऱ्यांतले नव्हते. "मी काय येडा हाय व्हय?" एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

शिवांजलीने ग्रंथालयातली शोकावरची सगळी पुस्तकं वाचली होती, आणि वाचताना पानांवर डाग पडू नयेत याची काळजी घेतली होती. तिच्या मते तिला काही झालेलं नव्हतं. तिने विचारपूर्वक एक खोटं कारण ठरवलं.

"आबा, माझी मान धरलीय. सांगलीला नसांचे डॉक्टर आहेत म्हणे. सोबत येता का?"

"मान म्हंजे अवघड," सुभेदार म्हणाले आणि लगेच इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. एवढ्या सहज यश आल्याचं तिला नवल वाटलं.

सांगलीच्या दवाखान्यात एकही पेशंट नव्हता. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या, पण बसलेली सारी माणसं कुणाच्या तरी सोबत आलेली होती. कोपऱ्यात मास्क, मफलर आणि गॉगल लावून त्यांच्याच आळीतले लालासाहेब बसले होते. टोपीवरून ओळखू आले.

"आवं सुभेदार, तुमी हितं?"

"पोरीला घिऊन आलुया. मान धरलीया तिची. आन तुमी?"

"मेव्हण्याला सोडाय आलुया."

"कुठं हाय मेव्हणा?"

"यील की," लालासाहेब म्हणाले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. ते गेल्या वर्षीचं होतं.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पेशंट कोण?"

सुभेदारांनी शिवांजलीकडे बोट केलं. शिवांजलीने सुभेदारांकडे.

"हिलाच दाखवाय आणलंय, बाईसाहेब," सुभेदार म्हणाले. "आई गेली तवापासनं पोरीच्या डोळ्यातनं टिपूस न्हाई. मान धरल्याचं निमित्त काडलं, ते मला कळत न्हाई व्हय? म्या म्हणलं, आपल्या पायानं येतीया तर येऊ दे."

"आणि तुम्ही जेवत नाही, असं कोरेगावच्या डॉक्टरांच्या या चिठ्ठीत आहे."

"ते घशाचं हाय. त्येचा हितं काय संबंद?"

"दोघांपैकी एकाचं तरी नाव द्या," बाई म्हणाल्या. "केसपेपर कोरा ठेवता येत नाही."

सुभेदारांच्या कमरेची सुतळी सदऱ्याखालून दिसत होती.

"माझं लिहा," शिवांजली म्हणाली. "माझी मान बरी आहे, आबा. पोट बरं आहे, बीपी बरा आहे. मला वाईट वाटतंय. लय वाईट वाटतंय. आईवाचून मला जमत नाही."

सुभेदारांनी खुर्ची पुढे ओढली. मग बाईंना म्हणाले, "त्याच कागदावर खाली माजंबी लिवा."

दार आतून लोटून घेण्यात आलं. वाचकांना अर्थातच काही झालेलं नाही. ते केवळ सोबत आले आहेत. त्यांनी बाहेर बसावं. लालासाहेबांच्या शेजारची खुर्ची आता रिकामी झाली आहे.